म्हार्दोळची महालसा: मंगेशी करून परत फिरू नका

पणजीहून फोंड्याला जाताना मंगेशी मागे पडली की किलोमीटरभरात म्हार्दोळ येतं. सहलीच्या बऱ्याच गाड्या मंगेशीला थांबतात आणि हे देऊळ चालत्या खिडकीतून दाखवतात. आमच्या मते दोन्हींपैकी जास्त वेळ इथं द्यावा. फोंड्याच्या कुठल्याही साध्या बसने कंडक्टरला ‘म्हार्दोळ’ सांगून उतरता येतं.

इथून समुद्र दिसत नाही, पण देवीची कथा समुद्रमंथनातली. गोव्यात महालसा म्हणजे मोहिनी, अमृत वाटणारं विष्णूचं रूप, म्हणूनच ‘महालसा नारायणी’. जेजुरीच्या म्हाळसेच्या हिशेबाने येणारे इथं खंडोबा शोधत बसतात, तो मिळायचा नाही. मूर्तीला चार हात: त्रिशूळ, खड्ग, कापलेलं मुंडकं आणि पानपात्र. देवांच्या पंगतीत चोरून बसलेल्या राहूची गोष्ट माहीत असली की मुंडकं आणि पात्र यांचा अर्थ लागतो. आणखी एक, देवीच्या अंगावर जानवं असतं. फुलांच्या आणि दागिन्यांच्या आड ते सहज दिसत नाही.

अंगणातली पितळी दीपमाळ हा इथला खरा ऐवज. एकवीस कड्यांची ही उंच समई कासवाच्या पाठीवर उभी आहे. लोक वर बघत फोटो काढतात आणि नेमकं कासव फोटोत येत नाही. मंथनाच्या वेळी मंदार पर्वत बुडू लागला तेव्हा कूर्माने तो पाठीवर तोलला. इथं पर्वताच्या जागी दिवे आहेत. आधी खाली वाकून बघा. वाती पेटलेल्या असल्या तर मात्र अगदी खाली उभं राहू नये, तेल ठिबकतं.

घंटेची आख्यायिका पुजाऱ्यांना नाहीतर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावी. घंटेला एरवी लोळी, म्हणजे आतला लोलक, नसायची. कुणाला साक्ष द्यायची असेल तेव्हाच ती बसवायचे. घंटा वाजवून खोटं बोलणारा तीन दिवसांत मरतो, असा धाक. ही साक्ष पोर्तुगीज अमलातही ग्राह्य धरत, असं सांगतात.

देवीचं मूळ ठाणं दक्षिण गोव्यात, साष्टी तालुक्यातल्या वेर्ण्याचं. 1567 साली राशोलच्या किल्ल्याचा पोर्तुगीज कप्तान दियोगु रॉद्रिगिश याने ते देऊळ पाडलं. मूर्ती जुवारी नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या भागात आणली, तिथं तेव्हा आदिलशाही होती. वेर्ण्यातही मूळ जागी आता नवं देऊळ उभं आहे.

रविवार देवीचा. पालखी बघायची तर तोच दिवस धरा, वेळ कचेरीत विचारून घ्या. शांतपणे लाकडी खांब आणि छताजवळचे दशावतार बघायचे असतील तर मधल्या वारी सकाळी या. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचे कपडे नकोत. गर्भगृहाचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

पावसाळ्यात येणार असाल तर जायांची, म्हणजे जाईच्या फुलांची पूजा कधी आहे ते आधी विचारा, त्या दिवशी देऊळ जायांनी भरून जातं. फाती, म्हणजे फुलांची माळ, घ्यायची ती मिटलेल्या कळ्यांची. संध्याकाळी ती आपोआप उमलते. दुपारीच उमललेली घेतली तर रात्रीपर्यंत मलूल होते, आणि दर तोच.