बर्फाचे कपडे भाड्याने: जॅकेट खुशाल घ्या, बुटांच्या नादी लागू नका

दादर पश्चिमेला पोटमाळ्यावर असलेल्या या दुकानात हिमाचलात मनाली, सिस्सू, काझाकडे निघालेल्यांना लागणारं जवळजवळ सगळं सामान भाड्याने मिळतं. सामान बरं आहे, पण ते मुंबईचे चार पावसाळे खाऊन बसलंय, हे लक्षात ठेवूनच हात लावायचा.

आधी जॅकेट. पिसांचं आणि सिंथेटिक, दोन्ही आहेत. पिसांचं हलकं म्हणून लोक त्यावरच उड्या मारतात. पण मनाली सुमारे २,०५० मीटरवर. पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारं पावसा-बर्फाचं वादळ, आला की तिथे बर्फ पडतो तो शून्याच्या आसपास, ओला. खांद्यावर पडून वितळतो, पिसं भिजून गोळा होतात आणि ऊब संपते. त्यामुळे मनालीपुरतं जायचं तर सिंथेटिकच मागा. पिसांचं हवंच असेल तर मुठीत दाबून सोडा. लगेच फुगून आलं पाहिजे. मग उजेडासमोर धरा, गाठी दिसतात. कुबट वास आला तर परत ठेवा.

वरचं वॉटरप्रूफ जॅकेट उलटं करून टोपी आणि खांद्याच्या शिवणीवरची पट्टी नखाने उचकटून बघा. मुंबईच्या दमट हवेत ती सर्वांत आधी सुटते. इथल्या ढिगात अशी बरीच निघतात. दुकानदार मात्र कुरकुर न करता दुसरं काढून देतो. आतलं मऊ, उबदार फ्लीस घालूनच माप घ्या आणि दोन्ही हात वर करा. कंबर उघडी पडली तर एक साइज मोठी.

बूट मात्र नकोत. तळव्यातला पीयूचा (पॉलियुरेथेन फोमचा) मधला थर दमट हवेत न वापरताही आतून कुजतो. वरून बूट नवाकोरा दिसतो, आणि बर्फात दोन तास चाललं की तळवा चपलेसारखा लोंबायला लागतो. तळव्याच्या कडेला अंगठा दाबा: बारीक चिरा किंवा भुकटी दिसली तर संपलं. त्यापेक्षा स्वतःचे बूट घ्या, जाड मोज्यांसकट बोटं हलतील एवढे. बर्फावर घसरू नये म्हणून बुटाखाली लावायचे खिळ्यांचे मायक्रोस्पाइक्स मात्र इथूनच न्या, रबर ताणून तडा बघून.

हातमोज्यांत दुकान कच्चं. लोकरीचे हातमोजे भिजले की बोटं गेलीच. आत पातळ, वर वॉटरप्रूफ अशी जोडी लागते; ती इथे नाही.

आता खरी मेख. वादळ येताना आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे रात्र तशी सुसह्य जाते. ते सरकून आभाळ निवळलं की कडाक्याची रात्र येते, आणि दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर काचेसारखं गोठतं. म्हणजे स्पाइक्स आणि जाड जॅकेट लागतं ते नेमकं परतीच्या दिवशी. भाडं मात्र मुंबईत सामान उचललं तेव्हापासून मोजतात. गाडी-बसच्या प्रवासात जाता-येता तीन-चार दिवस तसेच जातात. मनालीपुढच्या अटल बोगद्याकडचा रस्ता बंद झाला तर जास्तीचे दिवस पूर्ण भाड्याने लागतात, आणि हे पावतीवर कुठे लिहिलेलं नाही. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट असताना निघत असाल तर दोन दिवस जास्तीचे आधीच ठरवून पावतीवर लिहून घ्या. डिपॉझिट परत देताना दुकानदार चेन आणि शिवणी तपासतो, तेव्हा नेतानाच फोटो काढून ठेवा.