चेनसॉची धार: हातात कानस की दुकानातला ग्राइंडर?

मुंबईत चेनसॉ खरा राबतो तो एप्रिल-मेमध्ये. पाऊस तोंडावर असतो, सोसायटीच्या गुलमोहराच्या, सोनमोहराच्या फांद्या उतरवायला महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी हातात असते, माणूस दोर बांधून वर चढलेला असतो आणि नेमकी तेव्हाच चेन चावेनाशी होते. लाकडातून किसासारखे तुकडे उडायचे, त्याऐवजी पीठ पडायला लागलं की समजायचं, दात बोथट झाले.

छाटणीच्या कामात मशीन सांभाळायचं माझ्याकडे आहे, म्हणून नवीन मशीन घेणारे मला विचारतात: धार स्वतः लावायची की चेन दुकानात द्यायची? माझं उत्तर ठरलेलं आहे. रोजची धार कानशीची, खिळा लागल्यानंतरची ग्राइंडरची.

मुंबईपुरतं पहिलं कारण अंतर. काम गोरेगावला चालू आणि ग्राइंडरवाला नागदेवी स्ट्रीटला, म्हणजे पिशवीत चेन घेऊन मस्जिद स्टेशनपर्यंत जायचं आणि परत यायचं. यात अर्धा दिवस जातो. तेच काम सोळा इंची बारवर (चेन ज्या लांब पट्टीभोवती फिरते तो बार) कानशीने वीस मिनिटांत होतं, झाडाखाली बसून. शिवाय कानस धातू अगदी थोडा खाते. पेट्रोलची टाकी भरताना दर दाताला दोन-तीन घाव दिले की धार टिकते आणि चेन बरीच जास्त चालते. ग्राइंडरचा दगड एका फेरीत त्याहून कितीतरी जास्त खातो. वर हात जड असेल तर दात तापून निळा पडतो. असा दात पुढे कानशीला दाद देत नाही, ती नुसती घसरते.

तरी ग्राइंडरला नावं ठेवायची नाहीत. आपल्या झाडांवर लोक पाट्या ठोकतात, दिव्यांच्या माळा तारेने आवळतात, आणि पुढे साल वाढून खिळा आत गिळला जातो. वरून काही दिसत नाही. चेन त्यावर गेली की चार-पाच दातांचे कोपरे उडतात. मग सगळे दात सर्वात आखूड दाताच्या मापाला आणावे लागतात. हाताने ते करता येतं, पण संध्याकाळ जाते. ग्राइंडर ते पटकन आणि एकसारखं करतो, कोनही सगळीकडे सारखा ठेवतो. देताना एवढंच सांगा: हलका हात, थोडं थोडं.

कानस शिकताना खरी अडचण मापाची. लहान मशीनवरच्या तीन-अष्टमांश इंची (हे कड्यांच्या अंतराचं माप) लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांच्या चेनला बहुतेक 4 मिमीची गोल कानस लागते, .325 इंचीला 4.8 ची. पहिल्या वर्षी मी छोट्या चेनवर 4.8 चीच मारत राहिलो. दात चमकायचे, पण कडा मागे झुकलेली, लाकूड धरायचीच नाही. तेव्हापासून कानस घ्यायला जाताना जुनी चेन सोबत नेतो. कोन बहुतेक चेनला 25 किंवा 30 अंश असतो, पाकिटावर पाहून घ्यावा. कानस एकाच दिशेने, आतून बाहेर न्यायची. परत ओढताना उचलायची. उजव्या हाताच्या माणसाचे एका बाजूचे दात जास्त खाल्ले जातात आणि चेन एकीकडे ओढते, म्हणून घाव मोजून द्यायचे. तीन-चार वेळा धार लावली की दातापुढचा छोटा उंचवटा सपाट कानशीने उतरवायचा. बहुतेक चेनवर तो दातापेक्षा 0.65 मिमी खाली असतो. तो हौसेने जास्त उतरवला तर मशीन उसळी मारतं, आणि वर दोरावर लटकलेल्या माणसाला ती उसळी जीवघेणी ठरू शकते.

आता बार. चेनवर खर्च करणारेही याला विसरतात. धार बरोबर असूनही काप वाकडा जात असेल तर दोष बहुधा बारचा असतो. चेन काढा आणि बार लादीवर उभा धरा. एका बाजूला कलला तर त्याच्या कडा असमान झिजल्या आहेत. कडेवर उठलेली धारदार पात सपाट कानशीने काढता येते, पण खाच रुंद होऊन चेन डुलत असेल तर बार बदलायचा. तोवर दर धारेच्या वेळी बार उलटा बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. खाचेतला भुसा पातळ पट्टीने काढावा, तेलाचं भोक मोकळं करावं. वापरलेलं इंजिन ऑईल पुष्कळजण टाकतात. त्यात धातूचे कण असतात, पंप आणि बार दोन्ही खराब होतात. बार ऑईलच वापरा. ते पोचतंय का, हे पाहायला टोक पुठ्ठ्यासमोर धरून मशीन जरा पळवा, तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

नवी चेन कधी? दातावरच्या खुणेपर्यंत धार गेली, कडीत भेग दिसली, किंवा ताण देऊनही चेन पुन्हा पुन्हा सैल पडू लागली की लगेच. दोन-तीन चेन झाल्या की मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाकही तपासा, झिजलेलं स्प्रॉकेट नवी चेन लवकर खातं.

वरळी-वर्सोव्याच्या खाऱ्या हवेत चेन जूनमध्ये गंजते. छाटणी संपली की ती काढून ब्रशने पुसायची आणि झाकणाच्या डब्यात तेलात बुडवून ठेवायची. पुढच्या हंगामात कड्या हाताने वळवून पाहायच्या, मगच बारवर चढवायची.