रोव्हरसोबतचं मोजणी ॲप: फिक्स झटपट, डेटम मात्र आपला आपण तपासा

अमरावती-यवतमाळ पट्ट्यातल्या कालवे, ले-आउट आणि शेतमोजणीच्या कामांवर हे ॲप कित्येक महिने रोज हातात आहे. नाव लिहीत नाही, कारण स्वस्त रोव्हरसोबत (उपग्रहांवरून जागा मोजणारं, हातात धरून फिरवायचं यंत्र) येणाऱ्या इतर ॲपांतही हेच दुखणं पाहिलंय.

बॅटरी, ब्लूटूथ, फिक्सचा (उपग्रहांवरून नेमकी जागा पक्की होण्याचा) वेग, काही तक्रार नाही. गोची आहे कोऑर्डिनेट सिस्टीमच्या पानावर.

नवा जॉब उघडला की मागच्या जॉबचा यूटीएम झोन (नकाशासाठी पृथ्वीचे पाडलेले सहा-सहा अंशांचे उभे पट्टे, त्यातला एक) तसाच राहतो. आमच्याकडे ७८ अंश रेखांश चांदूर रेल्वे आणि धामणगावच्या मधून जातो. पश्चिमेला झोन ४३, पूर्वेला ४४. त्या रेषेवरचा एकच बिंदू ४३ मध्ये घेतला तर ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) ८ लाख १२ हजार मीटरच्या घरात, ४४ मध्ये १ लाख ८८ हजार. एवढी उडी कुणाच्याही नजरेत भरते, त्यामुळे ही चूक सापडते तरी. झोनच्या कडेचा स्केल फॅक्टर (नकाशावरचं अंतर जमिनीवरच्या अंतराच्या किती पट, तो आकडा) मात्र गुपचूप त्रास देतो. ॲप ग्रिडवरचं, म्हणजे सपाट नकाशावरचं, अंतर दाखवतं आणि ते इथे किलोमीटरमागे पाऊण मीटर जास्त भरतं. शेतकरी टेप धरून म्हणतो, ‘साहेब, तुमचं मशीन वाढवून सांगतंय.’ खरं तोच बोलतो! ग्राउंड, म्हणजे जमिनीवरच्या, अंतराचा पर्याय आहे, पण तीन मेनू आत.

सगळ्यात वाईट प्रकार एव्हरेस्टचा, म्हणजे जुन्या भारतीय नकाशांसाठी धरलेल्या पृथ्वीच्या आकाराचा (एलिप्सॉइडचा). जुनी टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे) कल्याणपूरच्या डेटमवर (मोजणीचा पाया, जिथून सगळी स्थानं धरतात) आहेत. २००५ च्या नकाशा धोरणानंतरची खुली पत्रकं डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे जीपीएसच्याच डेटमवर. दोन्हींत आपल्या भागात दीडशे मीटरच्या आसपास फरक पडतो. ॲपच्या यादीत ‘एव्हरेस्ट’ चारदा येतं, पुढे साल नाही. १८३० च्या मूळ एलिप्सॉइडचा अर्धा मोठा अक्ष ६३७७२७६ मीटर, भारतासाठीच्या १९५६ च्या व्याख्येत ६३७७३०१. कल्याणपूरवरून डब्ल्यूजीएस ८४ वर जायला भारत-नेपाळसाठीची २९५, ७३६, २५७ मीटर ही तीन अक्षांवरची सरक १९५६ च्या व्याख्येसोबत वापरायची. बरं, या आकड्यांचीच अनिश्चितता १० ते १५ मीटर, आणि ॲप उत्तर देतं मिलिमीटरपर्यंत! वर हिरव्या अक्षरांत ‘फिक्स’. तो फिक्स उपग्रहांच्या गणिताचा, डेटमशी त्याचा काडीचा संबंध नाही. टोपोशीटवरून हद्द ठरवायला निघालेल्याला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं.

उंचीचंही तेच. जिऑइड फाइल (उपग्रहाची उंची समुद्रसपाटीच्या उंचीत बदलणारी) चालू केली नाही तर समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा पन्नासहून जास्त मीटरने कमी आकडा येतो. कालव्याच्या कामाला बेंचमार्कशी (पक्क्या उंचीच्या खुणेशी) जोडल्याशिवाय ती लेव्हल वापरायची नाही.

रोज सकाळी आधी एका ज्ञात बिंदूवर रोव्हर लावतो, जुळलं तरच पहिली खुंटी ठोकतो. एवढी शिस्त असेल तर पैसे वसूल. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. मागच्या अपडेटमध्ये स्वतःचे पॅरामीटर साठवायची सोय आली, पण ॲप पुन्हा टाकलं की ते उडतात. म्हणून सेटिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट दर कामाच्या डीएक्सएफ (कॅडच्या नकाशाच्या) फाइलसोबतच ठेवतो.