पत्र्याची कंपासपेटी : वर्तुळ सोडून सगळं मिळतं

शंभर-दीडशे रुपयांच्या शालेय पेटीत कंपास, कर्कटक, कोनमापक, दोन गुण्या आणि १५ सेंमीची पट्टी येते. शाळेपुरती ठीक. खरं वर्तुळ मात्र तिच्यात नाही.

खरी परीक्षा कंपासची. ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि कंपास तसाच ठेवून परिघावर ओळीने सहा कंस मारा. सहावा कंस सुरुवातीच्या बिंदूवरच यायला हवा. दर वेळी ०.२ मिमी घसरलं तर शेवटी १.२ मिमीची फट दिसते. कारणं ठरलेली: डोक्याचा स्क्रू ढिला, पेन्सिल कडीत हलतेय, नाहीतर सुईने कागदाचं भोक मोठं केलंय. स्क्रू आवळा, खाली चार-पाच कागद घ्या, सुई शिशापेक्षा मिलिमीटरभर पुढे ठेवा, एचबीऐवजी जास्त कडक २एच पेन्सिल लावा. फट कमी होते, जात नाही.

आणि तरी दोष कंपासलाच मिळतो. त्रिज्येएवढी जीवा सहा वेळा बरोबर बसते, यावर कुणी शंका घेत नाही. कागदावर तशी तंतोतंत बसलेली कुणी पाहिलेली नसताना! खरं वर्तुळ वस्तूंपलीकडे असतं, ते फक्त बुद्धीला कळतं, असं म्हणणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोची बाजू इथे भक्कम वाटते. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटलच्या मते आकार वस्तूंतच असतात, आपण ते मनात वेगळे काढतो. पण ०.५ मिमीच्या रेघेचं हे वर्तुळ म्हणजे ४९.७५ ते ५०.२५ मिमी त्रिज्यांमधली कडी, क्षेत्रफळ सुमारे १.५७ चौसेंमी. ग्रीक भूमितीकार युक्लिडच्या व्याख्येत रेषेला तर रुंदीच नाही. मग वेगळं काढायचं ते कुठलं, आतल्या कडेचं की बाहेरच्या?

गुण्या तपासायला पट्टीला टेकवून लंब काढा, उलटी करून त्याच बिंदूतून पुन्हा काढा. १० सेंमीवर १ मिमी फट म्हणजे काटकोन सुमारे ०.३ अंशांनी चुकलाय. फट चुकीच्या दुप्पट दिसते. कोनमापकाच्या ४ सेंमी त्रिज्येवर १ अंश जेमतेम ०.७ मिमीचा, त्यामुळे अर्ध्या अंशाची अपेक्षा नको.

महागडी पेटी घेऊन प्रश्न सुटत नाही. किलोग्रॅमच्या मोजमापासाठी घासलेल्या, सुमारे ९४ मिमी व्यासाच्या सिलिकॉनच्या गोळ्यांतही नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतका उंचसखलपणा उरतोच. त्यापेक्षा पेटी हीच घ्या, आणि मधल्या आडव्या स्क्रूने उघडणारा कंपास तेवढा वेगळा घ्या.