सिंगल डोस आय ड्रॉप्स, थायरॉइडच्या डोळ्यांसाठी: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी मेडिकलवाल्याबद्दल. चिठ्ठीवर 'प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले' असं स्पष्ट लिहिलेलं असताना त्याने "सेमच आहे ताई, स्वस्त पडेल" म्हणत बाटली हातात ठेवली. औषध खरंच तेच, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के, पण सोबत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह. दिवसातून दोन-तीनदा घालणाऱ्यांना ते चालून जातं. मला सारखे घालावे लागतात, त्यामुळे डोळे लालभडक. तो बाटली परत घेईना, ते वेगळंच.

माझा थायरॉइड कमी. हाशिमोटो, म्हणजे शरीराच्या अँटिबॉडीच थायरॉइडवर उठतात, रोजची गोळी चालूच. म्हणून डोळे वटारल्यासारखे दिसू लागले तेव्हा सगळ्यांनी जागरणावर ढकललं. थायरॉइडच्या डोळ्यांचा हा आजार बहुतेक ग्रेव्ह्जवाल्यांना, म्हणजे थायरॉइड जास्त असणाऱ्यांना होतो. थोड्यांना कमी असतानाही होतोच. अँटिबॉडी डोळ्यामागच्या चरबीवर आणि स्नायूंवर उठतात, सूज येते, वरची पापणी वर ओढली जाते. या अँटिबॉडी शोधणारी टीआरएबीची रक्ततपासणी झाल्यावर घरचे गप्प झाले.

आता या सिंगल डोसच्या नळ्या. एकीत ०.४ मिली. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला की बाकी सगळं कचऱ्यात, कारण झाकण पिळून तोडायचं आणि ते परत बसत नाही! काही कंपन्यांचं बसतं, मग यांनाच काय धाड भरली? शिवाय तुटलेली कड धारदार राहते. घाईत पापणीला लागली की ब्रह्मांड आठवतं. इतके पैसे मोजून हे.

सुरुवातीला दोनच स्टार देणार होते. मग डॉक्टरांनी रात्रीसाठी जेल दिलं, कारण झोपेत माझे डोळे पूर्ण मिटतच नव्हते. जेल आणि उशाला आणखी एक उशी, एवढ्यावर सकाळची खरखर गेली आणि नळ्याही कमी लागू लागल्या. आता खर्च सोसवतो. गंगापूर रोडवर स्कूटीवरून जाताना मात्र बाजूनेही झाकणारा गॉगल हवाच. ती धूळ कुठल्याच थेंबाला ऐकत नाही.

ड्रॉप्सने कोरडेपणा जातो, मागची सूज नाही. त्यासाठी टीएसएच (रक्तातला थायरॉइडचा आकडा) जागेवर ठेवणं, घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर ती बंद, आणि सौम्य आजारात डॉक्टर सहा महिने सेलेनियम देतात, मलाही दिलं. रंग फिके वाटले किंवा नजर कमी झाली तर ड्रॉप्स बदलत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

सध्या साडेतीन स्टार. अर्धा कापलाय तो फक्त झाकणासाठी, बाकीचा किमतीसाठी.