जुन्या मॅसी १०३५ साठी सर्वो २०डब्ल्यू-४० कसं आहे

घरी जुना मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर आहे, सिम्पसनचं तीन सिलेंडर इंजिन, आणि बऱ्याच दिवसांपासून त्यात इंडियन ऑइलचं सर्वो २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल चालू आहे. जुनी गाडी असणाऱ्यांनी बिनधास्त घ्यावं. भर उन्हात रोटाव्हेटर मारला तरी ऑइल प्रेशरचा काटा खाली येत नाही आणि पेट्रोल पंपावर सीलबंद डबा मिळतो ही माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट, कारण त्याआधी एका दुकानातून बॅरलमधलं सुटं ऑइल आणलं होतं ते तापलं की पाण्यासारखं पातळ व्हायचं.

जुन्या गाडीला १५डब्ल्यू-४० पातळ पडतं असं बरेच जण सांगतात, तसं काही नाहीये. पहिला आकडा थंडीत स्टार्ट करतानाचा, मागचा ४० इंजिन तापल्यावरचा, आणि तो दोन्हीत सारखाच आहे. मराठवाड्यात थंडी पडून पडून किती पडणार, २०डब्ल्यू आरामात चालतं, १५डब्ल्यू मिळालं तर तेही टाका. डब्यावर खरं बघायचं ते एपीआयचं (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) अक्षर. सीएफ-४, सीआय-४ असं सी ने सुरू होणारं डिझेल इंजिनचं, एस वालं पेट्रोलचं. मोटारसायकलच्या डब्यावर पण २०डब्ल्यू-४० असतं, नुसता आकडा बघून ते ट्रॅक्टरमध्ये ओतू नका, डिझेलची काजळी सांभाळायला ते बनवलेलंच नसतं.

नवीन ऑइल लगेच काळं पडलं म्हणून लोक कंपनीला नावं ठेवतात, पण जुन्या इंजिनात ते पडणारच, आतली काजळी ऑइल स्वतःत घेतं म्हणून तर काळं होतं. ऑइल मोजायच्या पट्टीवर दुधी रंग दिसला तर मात्र गाडी तिथंच बंद करा, ऑइलमध्ये पाणी गेलंय, आधी हेड गॅस्केट बघा. न टाकता ऑइलची लेव्हल वाढली आणि डिझेलचा वास येतोय तर फीड पंप (टाकीतलं डिझेल पुढे ढकलणारा) बघा.

निळा धूर मात्र याने थांबत नाही हे आधीच सांगतो. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर इंजिनचं काम काढावंच लागतं, जाड ऑइल टाकून दिवस ढकलू नका.

बदली अडीचशे तासाला, फिल्टर सोबतच. जुन्या गाड्यांचं तासाचं मीटर बहुतेक बंदच असतं, मग डिझेलवर धरा, तासाला साडेतीन-चार लिटर धरलं तर हजार लिटरच्या आत बदली झाली पाहिजे. एअर क्लीनरच्या वाटीत पण हेच टाकतो, खुणेपर्यंतच, काढलेलं काळं ऑइल तिथं टाकायची सवय सोडा.

मागच्या हाउसिंगला हे चालत नाही. मॅसीत गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्टचा पंप एकाच तेलात बुडालेले असतात, तिथं गाडीच्या पुस्तकात दिलंय तेच टाका. आणि गाडी ओढ्यातून, पाण्यातून चालली असेल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी या हाउसिंगच्या तळाचा नट थोडा सैल करून बघा, पाणी तळाला बसतं त्यामुळं आधी तेच बाहेर येतं.