टेलर के-२००६ टेस्ट किट: मढच्या हिरव्यागार पूलवर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल, मग पुराण. पूलचं पाणी तपासायचं हे किट महाग आहे, बाहेरून येतं, त्यातली पावडर मुंबईच्या दमट हवेत जपावी लागते, तरीपण घरी पूल असेल आणि शेवाळ जाता जात नसेल तर दुसरं कुठलंही औषध घ्यायच्या आधी हे घ्या. पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कुठे कापला ते येईल पुढे.

पूल आमच्या मामांचा, मढला. ८ बाय ४ मीटर, खोली सरासरी १.४, म्हणजे साधारण ४५ हजार लिटर पाणी. मामा राहतात मालाडला, बंगला बराचसा वेळ शूटिंगला भाड्याने असतो, मढला बऱ्याच बंगल्यांचं तसंच आहे. आणि शूटिंगवाले पूलमध्ये काय काय सोडतात ते विचारूच नका, झेंडूच्या पाकळ्या, होळीच्या सीनचा रंग, एका सीनला तर दूध ओतलेलं म्हणे. भाडं बरं येतं म्हणून मामा गप्प. पण मग उन्हाळ्यात पाणी हिरवं व्हायला लागलं, पायऱ्यांवर काळे ठिपके, सावलीतल्या भिंतीवर पिवळट भुकटी, आणि आर्टवाल्यांनीच फोन करून सांगितलं की कॅमेऱ्यात हे पाणी डबकं दिसतंय, काहीतरी करा.

पूलचं काम एका कॉन्ट्रॅक्टरकडे होतं, नाव घेत नाही. त्याचा मुलगा यायचा, जाळीने पानं काढायचा, फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगत्या डब्यात, टीसीसीएच्या (क्लोरीनच्या) गोळ्या भरायचा, हिरवं दिसलं की मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. मी विचारलं की बाबा क्लोरीन किती आहे, तर त्याने ती आपल्याकडे सगळीकडे मिळते ती दोन नळ्यांची पिवळी किट काढून दाखवली, "हे बघा दादा, पिवळं आलं, दोन-तीन पीपीएम आहे, एकदम परफेक्ट." पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. आणि खरंच पिवळं आलेलं. मग शेवाळ का मरत नाही? तर म्हणे पाणीच खराब आहे मढचं, समुद्राची हवा लागते. समुद्राच्या हवेने शेवाळ येतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता हे किट नेमकं काय वेगळं करतं ते सांगतो कारण रिव्ह्यूचा सगळा जीव त्यात आहे. ती पिवळी किट एकूण क्लोरीन दाखवते, म्हणजे कामाचा आणि घाणीशी आधीच चिकटून निकामी झालेला असे दोन्ही एकत्र, आणि साधारण पाच पीपीएमच्या पुढे रंग नुसता नारिंगी होत जातो, आकडा कळत नाही. डीपीडीच्या गुलाबी गोळ्यांवाल्या किटमध्ये वेगळीच गंमत, क्लोरीन खूप जास्त असला की गुलाबी रंग येऊन लगेच उडतो आणि तुम्हाला वाटतं शून्य आहे. टेलरच्या यात रंग जुळवायचाच नाही. १० मिली पाणी घ्यायचं, दोन चमचे पावडर टाकायची, गुलाबी होतं, मग थेंब थेंब टाकत हलवत राहायचं आणि रंग गेला की थांबायचं. एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम. मोजता आलं की झालं, माझ्या चष्म्याच्या नंबरवर काही अवलंबून नाही. त्याच नमुन्यात पुढच्या बाटलीचे पाच थेंब टाकले आणि परत गुलाबी झालं तर तो निकामी क्लोरीन, तोही तसाच मोजायचा. बाकी पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियमचा हार्डनेस, हे सगळं त्याच डब्यात आहे.

पण पैसे वसूल होतात ते स्टॅबिलायझरच्या टेस्टमध्ये, म्हणजे सायन्युरिक ॲसिड. हे नाव त्या मुलाने कधी ऐकलंच नव्हतं आणि ते रोज पूलमध्ये टाकत मात्र तोच होता. कसं, तर टीसीसीएची गोळी म्हणजे अर्ध्याहून जास्त सायन्युरिकच. आमच्या ४५ हजार लिटरला एक किलो टीसीसीए टाकली की क्लोरीन २० पीपीएम मिळतो आणि स्टॅबिलायझर १२ पीपीएम वाढतो. क्लोरीनला ऊन खातं, शेवाळ खातं, दोन-चार दिवसांत तो संपतो. स्टॅबिलायझर काही संपत नाही, तो साचत जातो, महिन्याला तीन किलो गोळ्या धरल्या तरी बघा एका सीझनमध्ये कुठे जातो. थोडा हवाच, ३० ते ५० असला की क्लोरीनला उन्हापासून वाचवतो. पण जितका जास्त तितका क्लोरीन त्याला बांधला जातो आणि शेवाळाकडे लक्ष द्यायला मोकळा राहत नाही. ढोबळ हिशेब असा की रोजचा क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी पाहिजे, आणि शेवाळ मारायचं असेल तर ४० टक्के.

टेस्ट अशी की पूलचं पाणी आणि औषध समसमान घ्यायचं, दुधाळ होतं, ते नळीत ओतत जायचं आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. आमच्या पाण्यात ठिपका आधीच गायब, १०० च्या वर. मग पूलचं पाणी अर्धं आणि नळाचं अर्धं करून परत केली आणि आकडा दुप्पट केला, आला १८० च्या आसपास. म्हणजे रोजचाच क्लोरीन तेरा-चौदा पीपीएम पाहिजे आणि गडी दोन-तीनवर परफेक्ट म्हणतोय! तिथेच मामांनी कपाळावर हात मारला, "अरे म्हणजे वर्षभर मी शेवाळाला खाऊ घालत होतो का?" मी म्हटलं मामा खाऊ नाही पण बॉडीगार्ड पुरवत होता.

१८० ला ४० टक्के म्हणजे ७२ पीपीएम, त्याला ३२ लिटर हायपो (पातळ क्लोरीन, सोडियम हायपोक्लोराइट) लागेल आणि ती पातळी टिकवणं म्हणजे वेडेपणा. स्टॅबिलायझर कमी करायचा खात्रीचा उपाय एकच, पाणी बदलणे. मे महिन्यात तलावांची पातळी तळाला, पाणीकपातीच्या बातम्या, तेव्हा पंधरा-पंधरा हजार लिटर पाणी काढून टँकर मागवायचा म्हणजे खर्च बाजूलाच राहू दे, शेजारीपाजारी तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि टँकर बोअरचा निघाला आणि त्यात लोह असलं तर क्लोरीन टाकल्या टाकल्या पाणी तपकिरी, नवीनच कटकट. म्हणून आम्ही जून-जुलैपर्यंत थांबलो. जुलैत मुंबईत सरासरीच ८०० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त पाऊस पडतो, आणि पावसाच्या पाण्यात स्टॅबिलायझर शून्य. फिल्टरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह वेस्टवर, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या खुणेवर, टाकून पाणी साधारण एक तृतीयांश उतरवायचं, पावसाने भरू द्यायचं, पंप फिरवून मिसळायचं, मोजायचं, परत तेच. १८० चे १२०, १२० चे ८०, आणि मग पूल भरून वाहत राहिला त्यात अजून थोडं, शेवटी ७० ला थांबलो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नका. मढ, मनोरी, गोराई, समुद्राच्या कडेला जमिनीखालचं पाणी अगदी वर आलेलं असतं, रिकामी टाकी त्या दाबाने वर उचलली जाते, तडकते. शेजारच्या एकाने सल्ला दिलेला की एकदाच सगळं काढून घासून टाका. नको रे बाबा. तसंच गच्चीचा पाइप पूलमध्ये सोडून लवकर भरायची आयडिया पण नको, कावळ्यांची घाण आणि पानं फुकटात मिळतात.

आता ७० ला ४० टक्के म्हणजे २८. हायपो आणली मस्जिद बंदरला वडगादीतून, कॅन गाडीत उभे बांधून मार्वे रोडने नेले, वर्सोव्याच्या फेरीबोटीत असला माल घेऊन चढू नका प्लीज. आधी पीएच ७.२ ला आणून ठेवला, कारण क्लोरीन १० च्या वर गेला की पीएचची टेस्ट उगाच जास्त दाखवते, तेव्हा मोजून ॲसिड टाकत बसलात तर पाण्याची वाट लागेल. हिशेबाने १० टक्केवाली हायपो साडेचार लिटर टाकली की आमच्या पूलमध्ये १० पीपीएम चढायला पाहिजे. अर्धा तास पंप फिरवून मोजलं तर पहिल्या कॅनने जेमतेम सहा चढवले. आता थोडंफार शेवाळाने पण खाल्लं असेल म्हणून तेच पुढे पाणी साफ झाल्यावर रात्री परत करून बघितलं, त्या कॅनचं उत्तर तेच. कॅन जुना, उन्हात पडलेला, लेबलवर मात्र ताकद पूर्ण. म्हणजे हे किट नुसता पूल नाही तपासत, दुकानदार पण तपासतं. पुढच्या वेळी ताजा माल द्या म्हणून सांगितलं तर दिला निमूट.

पुढचं काम कंटाळवाणं आहे. २८ ला न्यायचं आणि तिथे धरून ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ मोजायचं, कमी झालं की टाकायचं, पंप बंद नाही, रोज ब्रश. लोक एकदा शॉक मारतात, म्हणजे एकदाच भरपूर क्लोरीन ओततात, दोन दिवस पाणी निळं दिसतं, खूश होतात, आणि उरलेलं शेवाळ परत पसरतं. पाणी हिरव्याचं राखाडी होतं, मग दुधाळ, तेव्हा सँड फिल्टरवर जोर येतो, गेजचं प्रेशर नेहमीपेक्षा पाव पट वाढलं की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं. तळाचा मेलेला गाळ व्हॅक्यूमने थेट वेस्टला काढायचा, फिल्टरमधून नाही. पायऱ्यांवरचे काळे ठिपके सगळ्यात चिवट, ते नावाला शेवाळ, असतात सायनोबॅक्टेरिया, वर चिकट कवच आणि मुळं प्लास्टरमध्ये शिरलेली. ते कवच स्टीलच्या ब्रशने फोडलं तरच क्लोरीन आत जातो. टाइल्सवर मात्र स्टील नको, ओरखडे उठतात. आणि पिवळं परत परत येतंय तर लाइटच्या मागे बघा, एमसीबी पाडून लाइट बाहेर काढला तर त्या खोबणीत अख्खी वसाहत होती. शिडीच्या बुडाशी पण.

कधी थांबायचं हे पण किटच सांगतं आणि मला तरी हीच त्याची सगळ्यात भारी गोष्ट वाटली. सूर्य मावळल्यावर मोजा, पहाटे ऊन यायच्या आधी मोजा. रात्री ऊन नाही, म्हणजे जो कमी झाला तो कोणीतरी खाल्ला. एक पीपीएमपेक्षा जास्त गेला तर शेवाळ अजून जिवंत आहे, पाणी कितीही काचेसारखं दिसो. एक किंवा कमी, निकामी क्लोरीन अर्ध्या पीपीएमच्या आत, आणि तळ स्वच्छ, तिन्ही एकदम जमलं की सुटी. आमचं पाणी दिसायला छान झालेलं तेव्हा मामा म्हणाले बस झालं, शूटिंगची तारीख आहे, पण रात्रीत अजून तीन जात होते. तारीख पुढे ढकलायला लावली. आर्टवाले थोडे कुरकुरले.

मोरचूदबद्दल लोक मारायला धावतील पण लिहितोच. ते शेवाळ मारतं, खोटं नाही, द्राक्षवाले उगाच नाही फवारत. पण तांबं पाण्यातच राहतं, प्लास्टरवर निळसर-हिरवे डाग पाडतं, आणि पांढऱ्या केसांना हिरवी झाक आणतं, मामी पोहत नाहीत म्हणून वाचल्या. आणि या किटमध्ये तांब्याची टेस्ट नाही, ही एक तक्रार. भारीतलं पॉलिक्वॅट ६० वालं ॲल्जिसाइड (शेवाळाचं औषध) चांगलं आहे, फेस पण करत नाही, पण ते शेवाळ येऊ नये म्हणून, आलेलं घालवायला नाही.

आता कापलेला अर्धा मार्क. स्टॅबिलायझरचं औषध एका टेस्टला ७ मिली जातं, म्हणजे संपतंच. २८ पीपीएमला १० मिलीत ५६ थेंब पडतात, तेव्हा ५ मिली पाणी घेऊन एक थेंब म्हणजे एक पीपीएम धरा, बाटली जास्त दिवस पुरते. काळ्या ठिपक्याची टेस्ट उन्हाकडे पाठ करून, नळी आपल्या सावलीत धरून करायची असते, पावसाळी ढगात आकडा वीसने इकडेतिकडे होतो. पावडर मी सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट डब्यात ठेवतो, मढच्या बंगल्यात नाही, मालाडच्या कपाटात. माहितीपत्रक इंग्लिशमध्ये आहे, माळीकाकांना मी थेंबांचा तक्ता मराठीत लिहून पंपरूममध्ये चिकटवून दिलाय, क्लोरीन आणि पीएच ते आता माझ्यापेक्षा नीट करतात.

गोळ्या बंद केल्यात, रोज थोडी हायपो, क्लोरीन सहा-आठच्या मध्ये. सगळे गावाला गेलो तरच फ्लोटर. आणि कोणी कॅल्शियम हायपो (कोरडा, पावडरवाला क्लोरीन) वापरत असाल तर तो टीसीसीएच्या बादलीत, फ्लोटरमध्ये, एकाच स्कूपने कधीच नाही, दोन्ही एकत्र आले की आग लागते, स्फोट होऊ शकतो. हायपो आणि ॲसिडचे कॅन पण लांब लांब ठेवा, एकत्र झाले तर क्लोरीन गॅस.

सोसायटीचा मोठा पूल असेल आणि पाणी नियमित लॅबला जात असेल तर हे घ्यायची घाई नाही, फक्त रिपोर्टमध्ये स्टॅबिलायझरचा आकडा आहे का बघा, नसेल तर मागा. घरच्यांनी घेताना नुसतं के-२००६ न घेता शेवटी सी असलेलं मोठ्या बाटल्यांचं बघा, थेंबामागे स्वस्त पडतं. पार्सल आलं की आधी बाटल्यांवरच्या तारखा वाचा, जुना माल निघाला तर सील न फोडता तसाच रिटर्न.